माटोळीचं सामान ओळखायला कुठलं ॲप बरं? शाळेतल्या मुलांसाठी पाहिजे

सत्तरीची_टीचर

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. मी वाळपईजवळच्या एका गावात मिडल स्कूलला सायन्स शिकवते, इको क्लब पण माझ्याकडेच आहे. यंदा गणेश चवथीच्या अगोदर सातवी-आठवीच्या मुलांकडून एक काम करून घ्यायचं मनात आहे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-रानमेवा टांगायची चौकट, तर घरोघरी बांधतातच, तिला जे जे टांगतात, म्हणजे नारळ, सुपारीचे कात्रे, तोरिंग, आंबाडे हे झालंच पण रानातून आणलेलं माट्टी, कवंडळ, घागऱ्यो, शेरवड, फागलां असं जे असतं ते कुठून आणलं, झाड आहे की वेल, घरात कोणी ओळखलं, आणि शास्त्रीय नाव काय, हे सगळं वहीत उतरवायचं. पंचायतीची जैवविविधता समिती आहे, त्यांच्या नोंदवहीत भर घालायची आहे म्हणतात, मुलांनी काम नीट केलं तर तिथेही देता येईल.

अडकलंय ते शास्त्रीय नावाशी. मी मोबाईलवर वेगवेगळी ॲपं टाकून बघितली. एकाच माट्टीच्या झाडाचा फोटो, एक ॲप म्हणतं टर्मिनालिया क्रेन्युलाटा आणि दुसरं म्हणतं टर्मिनालिया इलिप्टिका. शेरवडीला एकाने बागेत लावतात त्या शोभेच्या झाडाचं नाव दिलं. मुलांच्या हातात असलं काही दिलं की पहिलं जे नाव येईल ते उतरवून मोकळी होतात, आणि मग ते चुकीचं नाव वहीत कायमचं बसतं, त्याचीच मला भीती वाटते.

तर कुठलं ॲप घ्यावं? आमच्याकडे रेंज नावालाच असते, मुलांची वयं बारा-तेरा, मोबाईल आईबाबांचे. सगळ्यांना खाती उघडायला लावणं बरं वाटत नाही. आणि ॲपने सांगितलेल्या नावावर किती भरवसा ठेवायचा? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.


रानवाट_फोंडा

टीचर, कल्पना फार आवडली. माटोळी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यातल्या रानाची अख्खी यादीच टांगलेली असते आणि ती ओळखणारी माणसं घरातच असतात, हे काम आत्ताच व्हायला पाहिजे.

ॲपबद्दल सांगतो. मुलांच्या हातात द्यायचं तर सीक द्या, ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साईटवाल्यांचंच आहे, 2018 ला आलं. खातं लागत नाही, नाव-ईमेल काही मागत नाही, मुलांचा फोटो किंवा ठिकाण आपणहून कुठे पाठवत नाही, आणि ओळखणारं मॉडेल (फोटोंवरून शिकलेला प्रोग्राम) मोबाईलमध्येच असल्यामुळे रेंज नसली तरी चालतं. कॅमेरा झाडावर धरला की वर टिंबं भरत जातात, आधी वनस्पती, मग कुळ, मग प्रजाती (जवळच्या जातींचा गट), आणि खात्री झाली तरच जातीचं नाव. मुलांना हे फार चांगलं कळतं, कारण कॅमेरा पानावरून फुलावर नेला की टिंबं पुढे सरकतात, म्हणजे आपण दाखवतोय त्यातलं कशावरून ओळख पटते ते डोळ्यांसमोर दिसतं. कुळापर्यंत येऊन अडकलं तर मुलांना कुळच लिहू द्या, अर्धवट पण खरं.

आयनॅचरलिस्टचं खातं मात्र तुम्ही स्वतः काढा, शाळेच्या इको क्लबच्या नावाने एकच. तेरा वर्षांखालच्या मुलांनी स्वतःहून खातं काढायचं नाही असा त्यांचा नियमच आहे. हा प्रकार 2008 मध्ये बर्कलीला विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला आणि 2017 मध्ये त्यात फोटो बघून नाव सुचवणारं मॉडेल आलं, पण मला विचाराल तर त्याची खरी ताकद मॉडेलमध्ये नाही, माणसांत आहे. तुम्ही फोटो टाकलात की जगातलं कोणीही येऊन नाव सुचवू शकतं. निदान दोन जणांचं जातीपर्यंत एकमत झालं, आणि मतं वेगळी असली तर दोन-तृतीयांशाहून जास्त एका बाजूला गेली, की त्या नोंदीला रिसर्च ग्रेड म्हणतात, आणि लायसन्स मोकळं ठेवलेलं असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते. सत्तरीतल्या मुलाने टिपलेलं कवंडळ पुढे एखाद्या संशोधकाला तिथे सापडू शकतं.

भरवशाचं म्हणाल तर मॉडेल कसं शिकतं ते मुलांना सांगून ठेवा. एखाद्या जातीचे पुरेसे फोटो, साधारण शंभरेक, साठ्यात असतील तरच ती मॉडेलला माहीत असते. नसतील तर त्याच्यासाठी ती जात जगातच नाही, मग ते तिच्या जवळच्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे करतं. आपल्या घाटातल्या कितीतरी वनस्पती आणि बहुतेक किडे अजून त्या यादीत आलेलेच नाहीत. 2023 पासून ठिकाण बघून नावं मागेपुढे करायची सोय आली आहे, सुचवलेल्या नावाखाली ते जवळपास अपेक्षित आहे असं लिहून येतं. ते दिसत नसेल आणि ॲप अमेरिकेतलं काहीतरी सांगत असेल तर तिथेच थांबायचं.

गूगल लेन्स ओळखीसाठी वापरू नका असं माझं स्पष्ट मत. ते इंटरनेटवरच्या चित्रांशी चित्र जुळवतं, आणि नेटवर नर्सरीवाल्यांचे फोटो ढिगाने, म्हणून रानातल्या झाडाला बागेतल्या झाडाचं नाव चिकटतं. तुमच्या शेरवडीचं तसंच काहीतरी झालं असावं.


सडा_आणि_झाड

वरचं सगळं बरोबर आहे पण मी झाडांच्या बाबतीत प्लांटनेट पण ठेवा म्हणेन. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचं आहे, ॲप 2013 पासून आहे. त्यात फोटो टाकताना हे पान आहे, फूल आहे, फळ आहे की साल आहे ते निवडावं लागतं आणि एकाच झाडाचे असे चार-पाच फोटो एकत्र देता येतात. मुलांना ही सवय लागणं हेच अर्धं शिक्षण. कारण ॲप चुकतं त्यात बऱ्याचदा फोटोचा दोष असतो. लांबून घेतलेला हिरवा झुडपाचा फोटो बघून कुणीच काही सांगू शकणार नाही, ना ॲप ना वनस्पतिशास्त्रज्ञ.

टीचर, तुमच्या माट्टीचं आधी मिटवू. क्रेन्युलाटा आणि इलिप्टिका ही दोन झाडं नव्हेतच. जुन्या पुस्तकांत टर्मिनालिया टोमेंटोसा, कुठे क्रेन्युलाटा, आणि आता बऱ्याच ठिकाणी इलिप्टिका, सगळं आपलं माट्टीच, गोव्याचा राज्यवृक्ष, घाटावर ज्याला ऐन म्हणतात तो. आयनॅचरलिस्ट वनस्पतींसाठी मुख्यतः लंडनच्या क्यू गार्डनची यादी धरून चालतं, तुम्ही पण वहीत एकच यादी धरा आणि जुनं नाव बाजूला लिहा, म्हणजे पुढे कुणी पुस्तकात शोधलं तरी सापडेल.

खरा घोळ होतो तो माट्टी आणि किंदळ यांच्यात. दोन्ही टर्मिनालिया, दोन्ही एकाच रानात, पानांचा नुसता वरून फोटो घेतला तर ॲप आज हे म्हणेल उद्या ते. मुलांना झाडाजवळ नेऊन दाखवा. माट्टीची साल काळपट करडी आणि खोल भेगांनी चौकोन पडलेली, मगरीच्या पाठीसारखी, ती एकदा बघितली की विसरत नाही. किंदळाची साल तपकिरी, पातळ पापुद्रे सुटणारी. मग माट्टीचं पान उलटं करा, देठाजवळ मधल्या शिरेवर दोन गाठी दिसतील, हाताला पण लागतात. आणि फळ, तुम्हाला तर माटोळीसाठी फळंच हवीत. माट्टीच्या फळाला पाच रुंद पंख असतात, सारखे. किंदळाचं फळ बारीक, त्याचा एक पंख मोठा आणि दोन लहान, आणि पावसाळा सरता सरता झाड लालसर होतं ते या फळांनी. म्हणजे साल, पानाची मागची बाजू आणि फळ असे तीन फोटो असले तर कुठल्याही ॲपला आणि कुठल्याही माणसाला नाव सांगता येतं.

घागऱ्योंचं पण तसंच. क्रोटॅलॅरियाच्या बऱ्याच जाती आपल्याकडे आहेत. पान साधं, टोकाला किंचित खाच असलेलं आणि पिवळ्या फुलावर तांबूस रेघा असतील तर क्रोटॅलॅरिया रेटुसा. फूल निळं-जांभळं आणि खोड कोनदार असेल तर व्हेरुकोसा. एकेका देठावर तीन-तीन पर्णिका असतील तर पॅलिडा असू शकते. नुसत्या शेंगेच्या फोटोवर यातलं काही ठरत नाही. आणि रेटुसा विषारी आहे, शेंगा वाजवायला मुलांना मजा येते पण बिया तोंडात घालायच्या नाहीत हे आधीच बजावा.

कवंडळाचं फूल रात्री उमलतं, पांढरं, पाकळ्यांना झालरी असतात, सकाळी उशिरा गेलात तर कोमेजलेलं मिळेल. लाल फळ आणि तीन-पाच खंडांचं पान असे दोन्ही फोटो मिळाले तर ट्रायकोसँथस या प्रजातीपर्यंत नक्की जाता येतं. फागलांमध्ये नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. नर वेलीच्या फुलांचे कितीही फोटो काढले तरी फळ दिसणार नाही. मादी फुलाच्या खाली बारीक काटेरी गोळा असतो, तो दिसेल असा बाजूने फोटो घ्यायला सांगा.

शेरवड म्हणजे मुसांडा हे सोपं आहे, ते पांढरं पानासारखं दिसतं ना, ते फुलाचं एक मोठं झालेलं निदल असतं. पण पुढे जातीपर्यंत जाणं अवघड आहे, तज्ज्ञांतही त्याबद्दल मतभेद आहेत, तेव्हा वहीत मुसांडा लिहून थांबलात तर काही बिघडत नाही. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या माळावरच्या, गेंदांचं तर विचारूच नका, एरिओकॉलॉनच्या कितीतरी जाती बी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तिथे फोटोवरून जातीचं नाव ठामपणे सांगणाऱ्या ॲपवर अजिबात विश्वास ठेवू नका.


सांतेरीचो_नातू

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका कोणी. या सगळ्यात ॲपची गरज किती? आमच्या वाड्यावर आज पण दोन-तीन म्हातारी माणसं आहेत जी अंधारात पान चुरगळून वास घेऊन झाड सांगतात. मुलांच्या हातात मोबाईल दिला की ती मोबाईलकडे बघतात, आजीकडे बघत नाहीत. टीचरनी आजी-आजोबांनाच शाळेत बोलवावं, मुलांनी त्यांच्याबरोबर रानात जावं. शास्त्रीय नाव नंतर कोणी पण लावेल.


रानवाट_फोंडा

नातू, तुमचं म्हणणं मला पटतं, फक्त क्रम बदलला तर दोन्ही होईल. आधी आजीने सांगायचं, मुलाने तिने सांगितलेलं तसंच्या तसं लिहायचं, ती कशावरून ओळखते ते पण लिहायचं, वासावरून, चिकावरून, सालीवरून, आणि ॲप सगळ्यात शेवटी उघडायचं. आजी वासावरून ओळखते ते ॲपला कधीच जमणार नाही, आणि आजी ज्याला एक म्हणते ते दोन जाती निघाल्या असं पण होतं, ते ॲपवरच्या माणसांकडून कळेल. ‘कोणी पण नंतर नाव लावेल’ हे मात्र होत नाही हो. नुसतं गावचं नाव लिहिलेली आणि फोटो नसलेली यादी वीस वर्षांनी वाचणाऱ्याला काय झाड होतं ते कळायला मार्ग नसतो.


पाखरू_दिवाडी

माटोळीत पाखरं नाहीत पण इको क्लब आहे म्हणून सांगते, मर्लिन टाकून ठेवा. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, भारताचा पॅक घरी वायफायवर एकदा डाउनलोड केला की रानात नेट लागत नाही. आवाज ऐकून पक्षी सांगायची सोय 2021 ला आली, बोलता बोलता आवाजाचं चित्र स्क्रीनवर सरकत जातं, कुठला पक्षी बोलला की त्याचं नाव उजळतं. मुलं त्या चित्राकडे बघून आवाज ओळखायला शिकतात, तांबट कसा एकसारखे ठोके देतो आणि नाचण वर-खाली कशी जाते ते दिसतंच ना.

पण घाटातल्या रानात एक सांभाळा, भृंगराज. तो दुसऱ्यांच्या नकला इतक्या हुबेहूब करतो की मर्लिन तिथे नसलेल्या पक्ष्याचं नाव देऊन मोकळं होतं. पर्णपक्षी पण त्यातलाच. म्हणून नाव आलं की पक्षी डोळ्यांनी शोधायचा, दिसला किंवा आवाज आपल्या कानाला ओळखीचा वाटला तरच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साईटवर नोंद करायची. ईबर्डवर वेगळं काही टाकलं की तिथले स्वयंसेवक तपासतात आणि विचारतात, फक्त ॲपने सांगितलं हे उत्तर त्यांना चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या आवारातही करतात, त्यासाठी मुलांना आत्तापासून तयार करा.


पिंट्या_सर्पमित्र_डिचोली

एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मुलं माटोळीचं सामान आणायला झुडपात, वईत, दगडांच्या राशीत हात घालणार आणि तो पण चवथीच्या दिवसांत, ओल्या गवतात. साप दिसला तर फोटो काढायला जवळ जायचं नाही. हे वर्गात सांगा, परत परत सांगा. सापासाठी ॲप अजिबात वापरू नका.

कारण सांगतो. कवड्या बिनविषारी आणि मण्यार अत्यंत विषारी, आणि दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. फरक कुठे आहे तर कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात, मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बारीक असतात, बऱ्याचदा जोडीने असतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग जाते. आता मला सांगा, रात्री टॉर्चच्या उजेडात, वेटोळं घातलेल्या सापाचा मोबाईलने काढलेल्या फोटोत यातलं काय दिसणार? जुन्या मोठ्या मण्यारीत तर पट्टे नुसत्या ठिपक्यांसारखे असू शकतात. आपल्या रानातला मलबार चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळसर पण असतो, एकाच जातीचे इतके रंग. ॲपने बिनविषारी म्हटलं आणि कोणी हात लावला तर त्या माणसाला वाचवायला ॲप येणार नाही.

आणि चावलाच तर सापाचं नाव शोधत बसू नका, मारू नका, पकडू नका. आपल्याकडचं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर मिळून एकच असतं, डॉक्टर लक्षणं बघून देतात, त्यासाठी सापाचं नाव लागतंच असं नाही. 108 ला फोन करायचा, चावलेला हात-पाय हलवायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, सरळ सरकारी इस्पितळ.


अळमी_प्रेमी

पिंट्यादादाच्या सांगण्याला जोडून, अळमी, म्हणजे अळंबी, पण त्याच यादीत टाका. पावसात मुलं वारुळावरची अळमी बघतात, फोटो काढतात, आणि ॲपने खाण्याजोगं नाव दिलं की घरी आणणार. अळंब्यांची ओळख नुसत्या वरच्या छत्रीच्या फोटोवरून होत नाही. खाली पाती कशी आहेत, देठावर कडं आहे का, देठ जमिनीत कुठपर्यंत जातो, बीजाणूंचा रंग काय, हे सगळं बघावं लागतं. वारुळातल्या खऱ्या अळमीचा देठ मुळासारखा लांब वारुळात खोल गेलेला असतो, वरून तोडलं की हीच खूण हातची जाते. लॉनवर, गोठ्याजवळ एक पांढरं मोठं अळंबं येतं, दिसायला छान, त्याच्या बीजाणूंचा रंग हिरवट असतो आणि ते खाऊन माणसं आडवी होतात. छत्री कापून पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी घातली की सकाळी रंग कागदावर उमटतो, शाळेत प्रयोग म्हणून करा, फार सुंदर होतो, पण करून झाल्यावर हात धुवायचे आणि अळंबं फेकून द्यायचं.

दुसरं म्हणजे ठिकाण. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की नकाशावर नेमकी जागा सगळ्यांना दिसते. धोक्यात असलेल्या म्हणून नोंदवलेल्या जातींची जागा ते आपोआप धूसर करतात, साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी टिंब टाकतात. पण आपल्या गावात काय ओरबाडलं जातं ते त्यांना सगळं कळणार नाही. अळमीची वारुळं, झाडावरची ऑर्किडं, औषधी मुळं, यांची जागा स्वतः सेटिंगमध्ये धूसर करा. आमच्या भागात एका वारुळाचा पत्ता बाहेर फुटला आणि बाहेरची माणसं येऊन कोवळी अळमी, उमलायच्या अगोदरची, मुळासकट उपटून घेऊन गेली. शाळेच्या आणि मुलांच्या घरच्या नोंदींना तर जागा धूसरच पाहिजे, घराचा पत्ता कळायला नको.


सत्तरीची_टीचर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. माट्टीचं कळलं, उद्याच मुलांना पान उलटं करून गाठी दाखवते. नातू तुमचं पण ऐकलं, पहिल्या दिवशी आजी-आजोबांनाच शाळेत बोलावणार, मोबाईल त्या दिवशी बंद. साप आणि अळमीबद्दल पालकांना चिठ्ठी देते.

अजून दोन प्रश्न आहेत. एक, बरीच घरं आता माटोळीचं सामान वाळपई-फोंड्याच्या बाजारातून विकत घेतात. त्या फळांचा फोटो बाजारात किंवा घरी टांगल्यावर काढला तर चालेल का? आणि नारळ, सुपारी, तोरिंग यांच्या नोंदी करायच्या की नाही? दुसरं, पालक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार, तेच मी चढवू का?


सडा_आणि_झाड

बाजारातल्या फळाची नोंद आयनॅचरलिस्टवर करू नका, कारण तिथे जागा म्हणजे झाड जिथे वाढलं ती, फळ जिथे विकलं गेलं ती नव्हे. विकणाऱ्या बाईला विचारून कुठल्या गावच्या रानातून आणलं ते कळलं तर वहीत लिहा, ते वहीसाठी फार मोलाचं आहे. मुलांना तो प्रश्न विचारायलाच लावा. माटोळीसाठी लांबून लांबून रानातलं सामान यायला लागलं असेल तर जवळचं रान कमी झालं का, ते यातूनच कळेल.

नारळ, सुपारी, तोरिंग टाका हवं तर, पण लावलेलं असं टिकमार्क करायला विसरू नका, नाहीतर लागवडीची झाडं रानटी म्हणून साठ्यात जातात. तसं केलं की ती नोंद रिसर्च ग्रेडला जाणार नाही, ठीक आहे. आंबाड्याच्या बाबतीत मात्र विचारून घ्या, कुणाचं परसातलं असतं, कुणाचं रानातलं.


रानवाट_फोंडा

व्हॉट्सॲपचं बरं विचारलंत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख आणि ठिकाण दोन्ही निघून जातं, फोटो दाबून लहान पण होतो. पालकांना सांगा, फोटो काढायच्या अगोदर कॅमेऱ्याचं लोकेशन चालू करा आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल तशीच्या तशी येते. तेवढं नाही जमलं तर मुलाने त्याच दिवशी वहीत तारीख, वाड्याचं नाव, ओहोळाच्या कुठल्या बाजूला, असं लिहून ठेवावं, तुम्ही नकाशावर हाताने जागा टाकू शकता. रानात रेंज नसली तरी फोटो काढून ठेवायचे, चढवायचं काम शाळेत नेट असेल तेव्हा सावकाश.

आणि सीकने सांगितलेलं नाव वहीत पेन्सिलने लिहायला लावा. आयनॅचरलिस्टवर दुसऱ्या माणसाने दुजोरा दिला की मग पेनने. नाव बदललं तर मुलाने का बदललं ते शेजारी एका ओळीत लिहायचं. आमच्याकडे एका हायस्कूलने असं केलं होतं, तिथली मुलं नंतर वाद घालायला लागली, सालीवरून हे किंदळ आहे, माट्टी नव्हे, असं शिक्षकांना सांगायला लागली.


पाखरू_दिवाडी

फुलपाखरं घ्यायची असतील तर बटरफ्लाईज ऑफ इंडियाची साईट बघा, तिथे प्रत्येक फोटो जाणकार तपासतात, आणि अळी कुठल्या झाडावर वाढते ते पण असतं. माटोळीतल्या कुठल्या वनस्पतींवर कुठल्या अळ्या वाढतात ते मुलांना शोधायला द्या, छान काम होईल. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल पण आहे 2008 पासून, तिथे वेगवेगळ्या भाषांतली स्थानिक नावं जोडता येतात.


बेडूकराव

उशिरा आलो. पावसाळा आहे म्हणून बेडकांबद्दल एवढंच, मुलं फोटो काढतील तर काढू द्या पण ॲपने सांगितलेलं जातीचं नाव वहीत घेऊ नका. भातशेतातल्या लहान तपकिरी बेडकांमध्ये इतक्या जाती एकमेकींसारख्या आहेत की डोळ्यांनी फरक पडत नाही, आवाज नाहीतर जनुकं तपासावी लागतात. 2018 मध्ये गोव्यातूनच एक नवी जात शास्त्रात आली, मिनर्वारया गोएमची, तेव्हा तिच्या प्रजातीचं नाव फेजर्वारया होतं. इतकी वर्षं ती आपल्या पायाखालीच होती. मुलांनी फोटोबरोबर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर तो आयनॅचरलिस्टवर फोटोसारखाच चढवता येतो, बेडकांचं काम करणारे लोक असल्या नोंदी शोधतच असतात. बेडूक हातात धरायचा नाही, खाण्यासाठी पकडणं तर कायद्याने गुन्हाच आहे, हे पण मुलांना आणि पालकांना दोघांनाही सांगा.


सत्तरीची_टीचर

खूपच छान. पेन्सिल-पेनवालं नक्की करते. चवथीनंतर मुलांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर चढवल्या की इथे कळवते, सडा_आणि_झाड, तुम्हाला वेळ असेल तर माट्टी-किंदळ आणि घागऱ्यो तेवढे तपासून द्याल का?


सडा_आणि_झाड

जरूर टीचर. फक्त फोटोत पानाची मागची बाजू असू दे.